‘बॅलन्स ऑफ टेरर’ दुसऱ्यांदा बघताना

जुन्या मालिकेचा एखादा भाग मी पुन्हा लावला की घरातून हमखास प्रश्न येतो, “शेवट माहीत आहे ना? मग परत काय बघायचं त्यात?” प्रश्न रास्त आहे. पण कीर्तनाला बसलेल्या माणसाला हरिश्चंद्राचं पुढे काय होणार ते पाठच असतं, तरी तो मांडी मोडत नाही. बुवा आज ते कसं उभं करतात ते त्याला बघायचं असतं. जुना भाग पुन्हा बघायचा तो त्याच ओढीनं. फक्त त्याची थोडी रीत आहे, आणि ती कुणी सांगत नाही म्हणून नवख्या माणसाला दुसऱ्यांदा बघताना जांभया येतात.

ही रीत हवेत सांगण्यापेक्षा एक भाग हातात घेऊन सांगतो. मूळ ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ ते ३ जून १९६९ या काळात चाललेली मालिका. तीन सीझन, ७९ भाग. त्यातला पहिल्या सीझनचा ‘बॅलन्स ऑफ टेरर’ हा भाग १५ डिसेंबर १९६६ रोजी दाखवला गेला. पटकथा पॉल श्नायडर यांची, दिग्दर्शन व्हिन्सेंट मॅकएव्हिटी यांचं. हाच का निवडला? एक तर आधीचे तेरा भाग बघितले नसले तरी काही अडत नाही. दुसरं म्हणजे, पहिल्यांदा बघताना हा भाग जहाजांच्या लढाईचा वाटतो आणि दुसऱ्यांदा बघताना तो भलत्याच कुणाचा तरी निघतो.

पुढे सगळं फोडून सांगितलं आहे. भाग एकदाही बघितला नसेल तर आधी बघून या. लेख कुठे पळून जात नाही.

पायरी १ : आधी प्रत तपासा

हे काम पाच मिनिटांचं आहे, पण यातच बरेच जण फसतात.

पहिलं, लांबी बघा. मूळ भाग साधारण ५० मिनिटांचा. पुनःप्रक्षेपणात जाहिराती जास्त बसवण्यासाठी अशा भागांना कात्री लागायची. तुमच्यासमोरची प्रत ४४-४५ मिनिटांची असेल तर ती कापलेली आहे असं समजा. कापताना नेमके शांत, ‘काही न घडणारे’ प्रसंग जातात आणि या भागाचा जीव तिथेच आहे.

दुसरं, दृश्यं कोणती आहेत ते बघा. २००६ पासून या मालिकेची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात अंतराळातली दृश्यं संगणकावर नव्यानं बनवली आहेत. ऑनलाइन बघताना बहुधा हीच समोर येते. ब्लू-रेवर जुनी आणि नवी यांतली हवी ती निवडता येते. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा कुठलीही चालेल, दुसऱ्यांदा शक्य असल्यास जुनी बघा. जुन्या प्रतीतलं रोम्युलन, म्हणजे या भागातल्या शत्रूचं जहाज ही वाह चँग यांनी हातानं घडवलेली प्रतिकृती आहे. तिच्या पोटावर पंख पसरलेला शिकारी पक्षी रंगवलेला आहे, आणि ती किंचित थरथरत पुढे येते तेव्हा तिला जे वजन जाणवतं ते नव्या गुळगुळीत जहाजाला नाही. चित्र मात्र दोन्हीकडे छान स्वच्छ दिसेल, कारण मालिका ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झाली होती.

तिसरं, टीव्ही सरळ करा. चित्र जवळजवळ चौकोनी आहे, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच. पट्टे नकोत म्हणून चित्र ताणलंत तर कॅप्टन कर्क बुटका आणि रुंद दिसेल. हालचाल गुळगुळीत करणारी सोय नव्या टीव्हींत आपोआप चालू असते, ती बंद करा, नाहीतर १९६६ चा सेट कालच्या मालिकेसारखा दिसतो. आणि हो, एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होतो ना, ते आत्ताच बंद करून ठेवा. का ते शेवटी सांगतो.

पायरी २ : पहिल्यांदा फक्त बघा

टिपणं नकोत. मध्येच थांबवून फोनवर “हा नट कोण” असं शोधायचं नाही. इंग्रजी उच्चार भरभर वाटत असतील तर खालची अक्षरं चालू ठेवा, त्यात कमीपणा नाही. वेग वाढवून बघायची सवय असेल तर एवढ्यापुरती मोडा.

गोष्ट थोडक्यात अशी. एंटरप्राइझ या अंतराळजहाजावर लग्न लागायच्या बेतात आहे. अँजेला मार्टीन आणि रॉबर्ट टॉमलिन्सन हे दोघंही जहाजावरच्या तोफखान्यातले, म्हणजे फेझर कक्षातले. कॅप्टन कर्क भटजीच्या जागी उभा आहे. मंगलाष्टकं सुरू व्हायला आणि धोक्याचा भोंगा वाजायला एक गाठ पडते. सीमेवरच्या चौक्या कुणीतरी एकामागून एक उडवत आहे. शंभर वर्षांपूर्वी पृथ्वी आणि रोम्युलन यांच्यात युद्ध झालं होतं, त्यानंतर मधला पट्टा तटस्थ ठरला. तो ओलांडला तर पुन्हा युद्ध. आता रोम्युलनांकडे असं जहाज आलंय की जे अदृश्य होऊ शकतं, पण हल्ला करायचा तर त्याला दिसावंच लागतं. ते परत आपल्या हद्दीत पोहोचायच्या आत कर्कला त्याला गाठायचं आहे.

एवढं पहिल्या फेरीला पुरे. भाग संपला की लगेच पुन्हा लावू नका. दोन-चार दिवस जाऊ द्या.

पायरी ३ : दुसऱ्यांदा बघताना पेन घ्या, पण एकाच माणसासाठी

नवखे लोक दुसऱ्यांदा बघताना ‘सगळं’ टिपायला जातात आणि वीस मिनिटांत कंटाळतात. एकच काम घ्या. टॉमलिन्सन जेव्हा जेव्हा दिसतो किंवा त्याचं नाव निघतं, तेव्हा वेळ लिहा आणि शेजारी दोन शब्द.

पहिल्यांदा बघताना तो तुमच्या लक्षात राहिला होता का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. माझ्या नव्हता. लग्न मोडलं, पळापळ झाली आणि माझी नजर गेली पडद्यावरच्या जहाजाकडे. नवरा मुलगा गेला तळघरात, आणि मी त्याला विसरलो. भाग लिहिणाऱ्यांनाही तेच हवं होतं. लढाई संपल्यावर कर्क विचारतो किती माणसं गेली, आणि जहाजाचा डॉक्टर मॅकॉय सांगतो, एकच. आज सकाळी ज्याचं लग्न होतं तो. त्या क्षणी तुम्हाला चेहरा आठवायला वेळ लागला असेल, तर तो वेळ लेखकानं मुद्दाम ठेवलेला आहे.

दुसऱ्या फेरीत तसं होत नाही. तो मरणार हे ठाऊक असल्यामुळे त्याचं प्रत्येक दर्शन टोचतं. लग्न थांबल्यावर अँजेला देवासमोर गुडघे टेकते, मग दोघं आपापल्या जागेकडे निघतात. माझ्या तावडीतून इतक्या सहजी सुटणार नाहीस असं ती त्याला बजावते, आणि तो तिला गमतीत आठवण करून देतो की अजून तरी मी तुझा वरिष्ठ आहे. सेकंदात सांगायचा तर अगदी एवढासा प्रसंग. पहिल्यांदा तो गोड वाटतो. दुसऱ्यांदा मी तिथे रिमोट खाली ठेवला होता.

आणखी एक बघा. कर्क पुलावरून, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या वरच्या कक्षातून, “फायर” म्हणतो तेव्हा तोफ तिथून सुटत नाही. आज्ञा खाली फेझर कक्षात जाते, तिथला माणूस ती परत उच्चारतो आणि कळ दाबतो. जुन्या लढाऊ जहाजांवर जशी पद्धत होती तशीच. प्रत्येक आज्ञेच्या दुसऱ्या टोकाला टॉमलिन्सन उभा आहे, हे ध्यानात ठेवून सगळी लढाई बघा. कर्कचा आवाज चढला की खाली कुणाचा तरी हात हलतो.

पायरी ४ : कानांनी बघा

ही माझी आवडती पायरी, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

हा भाग मी माझ्या चौदा वर्षांच्या भाचीबरोबर बघत होतो. दोन्ही जहाजं इंजिनं बंद करून अंधारात एकमेकांची वाट बघत बसतात, तो प्रसंग आला. पुलावर सगळे दबक्या आवाजात बोलायला लागले. भाचीनं भाग थांबवला.

“मामा, एक मिनिट. बाहेर हवा नाही ना?”

“नाही.”

“मग हे कुजबुजतात कशाला? त्यांना कुठून ऐकू जाणारे?”

उत्तर नव्हतं. म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकातलं उत्तर तिच्याच बाजूचं होतं. पोकळीतून आवाज जात नाही, त्यामुळे हजारो किलोमीटरवरच्या शत्रूपासून लपायला हळू बोलण्यात काही अर्थ नाही. खरं उत्तर दुसरीकडे आहे. हा अंतराळातला भाग मुळात समुद्रातला आहे. १९५७ साली ‘द एनिमी बिलो’ हा चित्रपट आला होता. दुसऱ्या महायुद्धात एक अमेरिकन विनाशिका आणि एक जर्मन पाणबुडी यांच्यातला पाठलाग असा त्याचा विषय. दोन्ही कप्तान एकमेकांना न बघता एकमेकांची चाल ओळखायला लागतात. ‘बॅलन्स ऑफ टेरर’नं तोच साचा उचलला आणि पाण्याच्या जागी आकाश घातलं.

एकदा हे कळलं की कोडी भराभर सुटतात. अदृश्य होणं म्हणजे पाणबुडीनं बुडी मारणं. या भागात फेझर सरळ किरणासारखे न जाता लांब जाऊन फुटतात, ते म्हणजे पाण्यात टाकलेले खोलबॉम्ब. रोम्युलन कप्तान आपल्या जहाजातला मोडका माल बाहेर फेकतो आणि त्याबरोबर आपल्याच मृत मित्राचं शव सोडतो, कारण वर शत्रूला वाटावं की पाणबुडी फुटली. आणि पाण्यातून आवाज जातो, फार लांब जातो. म्हणून हे कुजबुजतात. शास्त्र चुकलं आहे हे मान्यच करायचं, सारवासारव करायची नाही. पण ती चूक काय मिळवून देते ते ऐका.

हेडफोन लावा. या शांततेच्या प्रसंगाच्या आधी संगीत कुठे थांबतं ते लक्षपूर्वक ऐका. नोंदवहीत कर्क सांगतो की जहाज नऊ तास सत्तेचाळीस मिनिटं जागचं हललेलं नाही. मग कर्कचा टोकदार कानांचा, व्हल्कन ग्रहावरचा सहकारी स्पॉक यंत्राखाली काही दुरुस्ती करताना, उठण्याच्या नादात त्याचा हात एका कळीवर पडतो आणि बारीक आवाज होतो. एवढाच आवाज. सगळ्यांच्या माना वळतात. आधीचे स्फोट तुम्हाला आठवणार नाहीत, पण ही कळ आठवेल. आदल्या काही मिनिटांत तुमचे कान मुद्दाम उपाशी ठेवलेले असतात.

भाचीला हे सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे चुकीचं आहे पण भारी आहे.” त्यापुढे मला काही घालावंसं वाटलं नाही.

पायरी ५ : आवाज बंद करून दहा मिनिटं

मधली कुठलीही दहा मिनिटं निवडा, आवाज बंद करा. आता फक्त चेहरे आणि उजेड. कर्कच्या डोळ्यांवर उजेडाची पट्टी आणि बाकी चेहरा सावलीत, ही छायालेखक जेरी फिनरमन यांची या मालिकेतली खूण. रोम्युलन जहाजाचा कक्ष किती चिंचोळा ठेवलाय तेही असंच बघताना दिसतं. एंटरप्राइझवर माणसं खुर्च्यांत बसून लढतात, रोम्युलन मधल्या यंत्राभोवती खांद्याला खांदा लावून उभे राहतात.

त्यांच्यातल्या खालच्या हुद्द्याच्या सगळ्यांना शिरस्त्राणं का, याचं उत्तर मात्र कलेत नाही, खर्चात आहे. टोकदार कान प्रत्येकाला लावायचे तर पैसा आणि वेळ दोन्ही लागायचं. शिरस्त्राण घातलं की कान झाकले.

पायरी ६ : दोन कप्तान एकाच पानावर

कागदाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे कर्क, उजवीकडे रोम्युलन कप्तान. त्याला भागभर नाव नाही. हे काम मार्क लेनार्ड यांनी केलंय. आता दोघांच्या सारख्या जागा शोधा.

दोघांनाही वरून आज्ञा आहे आणि दोघांनाही ती पुरती पटलेली नाही. दोघांकडेही एक जुना मित्र आहे, ज्याच्यापाशी ते हुद्दा बाजूला ठेवून बोलतात. रोम्युलन कप्तानाचा सेंच्युरियन आणि कर्कचा मॅकॉय. दोघांच्याही जहाजावर एक उतावळा आहे, तिकडे डेशियस, इकडे लेफ्टनंट स्टाइल्स. धूमकेतूच्या शेपटीत शत्रूचा माग दिसेल म्हणून कर्क तिथे गाठायला जातो, आणि रोम्युलन नेमका तेच ओळखून उलटा फिरतो. मीही तेच केलं असतं, असं दोघांच्याही तोंडी या ना त्या रूपात येतं.

माझ्या मते या पानावरची सर्वांत मोलाची जागा म्हणजे कर्कच्या खोलीतला प्रसंग. वाट बघण्याचे ते लांबलचक तास चालू आहेत. कर्क पलंगावर पडून म्हणतो की मी चुकत असेन तर? आणि लगेच सांगतो, उत्तर नकोय. मॅकॉय तरी देतो. या आकाशगंगेत पृथ्वीसारखे तीस लाख ग्रह असू शकतील, त्यापलीकडे अशा आकाशगंगा कितीतरी, आणि या सगळ्यात आपल्यातला प्रत्येक जण एकेकच आहे, तेव्हा कर्क नावाचा तो एक मोडू नकोस. पहिल्या फेरीत हे वाक्य कर्कसाठी आहे असं वाटतं. आता पायरी तीनमधला तुमचा कागद काढा. खाली फेझर कक्षातही एकेकच माणूस आहे.

दोघं कप्तान एकमेकांसमोर येतात ते अगदी शेवटी, पडद्यावर. रोम्युलन म्हणतो, वेगळ्या परिस्थितीत मी तुला मित्र म्हटलं असतं. मग एक शेवटचं कर्तव्य उरलंय असं सांगून तो जहाज उडवतो. लेनार्ड हे शांतपणे, दमलेल्या माणसासारखे बोलतात. थाटामाटानं हे वाक्य म्हटलं असतं तर सगळा भाग पडला असता.

इथे नवख्यांसाठी एक सावधगिरी. याच नटानं १९६७ च्या ‘जर्नी टू बेबल’ या भागात स्पॉकच्या वडिलांचं काम केलंय. तो भाग आधी बघितला असेल तर तुम्हाला शत्रूच्या खुर्चीत स्पॉकचे वडील बसलेले दिसतील. गंमत अशी की या भागाच्या विषयाला ते अगदी शोभतं.

पायरी ७ : स्पॉककडे बघणाऱ्यांकडे बघा

रोम्युलनांचा चेहरा आजवर कुठल्याच माणसानं बघितलेला नाही. युद्ध झालं तेव्हा जहाजाजहाजांत चित्रसंदेशाची सोय नव्हती, कैदी धरले जात नव्हते, तहसुद्धा रेडिओवरच झाला. आता पहिल्यांदा पडद्यावर चेहरा येतो, आणि तो स्पॉकसारखा आहे. तेच कान, त्याच भुवया.

बहुतेक लोक इथे स्पॉककडे बघतात. तुम्ही भाग मागे घ्या आणि इतरांकडे बघा. स्टाइल्सची मान कशी वळते ते बघा. त्याच्या घरातले अनेक जण त्या जुन्या युद्धात गेलेत, आणि ते युद्ध तुझं नाही, त्यांचं होतं, असं कर्कनं त्याला आधीच बजावलंय. तरी पुढे तो टोमणा मारतोच. तेव्हा कर्क त्याला सुनावतो की असला द्वेष आपल्या खोलीत ठेव, पुलावर त्याला जागा नाही.

याच्या आधीची एक जागा मात्र सहज निसटते. जहाजावर हेर असू शकतात असा सूर स्टाइल्स लावतो, तेव्हा बंदोबस्त वाढवायच्या बाजूनं जहाजाच्या सुकाणूवरचा सुलूही बोलतो. सुलूचं काम करणारे जॉर्ज टाकेई पाच वर्षांचे होते तेव्हा दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारनं त्यांना आईवडिलांसकट छावणीत नेऊन ठेवलं होतं. कुटुंब लॉस एंजेलिसचं. गुन्हा एवढाच की ते जपानी वंशाचे होते, म्हणजे शत्रूसारखे दिसत होते. युद्ध संपून जेमतेम २१ वर्षं झाली होती, आणि तोच मुलगा मोठा होऊन त्या खुर्चीत बसून हेरांच्या संशयाला दुजोरा देतोय. हे ठरवून केलं होतं असं मी म्हणत नाही. पण हे एकदा कळल्यावर तो प्रसंग पूर्वीसारखा बघता येत नाही.

सेटवर युद्ध बघितलेले आणखीही होते. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी पॅसिफिकमध्ये बी-१७ बॉम्बफेकी विमानं चालवत होते. जहाजाचा अभियंता स्कॉटी झालेले जेम्स डूहान नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कॅनडाच्या सैन्यातून उतरले होते आणि त्यात त्यांचं एक बोट गेलं. भागाचं नाव मात्र त्या युद्धातलं नाही, नंतरच्या शीतयुद्धातलं आहे. दोघांकडेही अणुबॉम्ब, म्हणून दोघंही गप्प, या अवस्थेला तेव्हा इंग्रजीत हेच शब्द वापरायचे.

सल्लामसलतीचा प्रसंगही इथेच पुन्हा बघून घ्या. स्पॉक उडवलेल्या चौकीच्या कवचाचा एक तुकडा हातात घेतो. ज्ञात असलेला सर्वांत कठीण पदार्थ, असं तो सांगतो, आणि बोटांनी चुरतो. बिस्किटासारखा तुकडा टेबलावर सांडतो. रोम्युलनांचं शस्त्र किती भयंकर आहे हे समजवायला यापेक्षा स्वस्त आणि नेमका मार्ग मला कुठल्याच मालिकेत आठवत नाही. आणि मग तोच स्पॉक, ज्याच्यावर संशय आहे, तो हल्ल्याच्या बाजूनं बोलतो. विरोध करतो मॅकॉय. पहिल्यांदा बघताना मी गृहीत धरलं होतं की उलट असेल.

पायरी ८ : आता तो कक्ष

तिसऱ्यांदा पूर्ण भाग बघायची गरज नाही. फक्त शेवटची पंधरा मिनिटं लावा.

फेझर कक्षात माणसं कमी पडतात म्हणून स्टाइल्स खाली जातो. स्पॉक चौकशीला डोकावतो, तर स्टाइल्स त्याला हाकलतोच, या वेळी तुझ्याशिवाय आम्ही निभावून नेऊ, व्हल्कन. स्पॉक बाहेर पडतो. तेवढ्यात भिंतीतून शीतकारक वायू गळायला लागतो, गुलाबी-जांभळा धूर. वर कर्क “फायर” म्हणतोय आणि खालून उत्तर नाही. स्पॉक मागे फिरतो, तोफ डागतो, स्टाइल्सला बाहेर काढतो.

टॉमलिन्सन आतच राहतो.

इथे भाग थांबवून एकदा विचार करा. स्टाइल्सनं स्पॉकला थांबू दिलं असतं तर? भागात हा प्रश्न कुणी विचारत नाही. स्टाइल्स दवाखान्यात शरमून बोलतो, स्पॉक कोरडेपणानं सांगतो की प्रशिक्षित दिशाचालक वाचवला, त्यात भावनेचा प्रश्न नाही. पहिल्यांदा बघताना वाटतं की चला, स्टाइल्स सुधारला, गोष्ट पुरी झाली. पण त्या सुधारण्याची किंमत अँजेलानं मोजली आहे, आणि तिला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

पायरी ९ : पुढे काय बघावं

रोम्युलन आवडले असतील तर तिसऱ्या सीझनचा, १९६८ सालचा ‘दि एंटरप्राइझ इन्सिडंट’ बघा. ठीकठाक आहे. त्यापेक्षा २०२२ ची ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ ही मालिका, तिच्या पहिल्या सीझनचा शेवटचा भाग जास्त कामाचा. त्यात हीच घटना पुन्हा घडते, फक्त एंटरप्राइझच्या खुर्चीत कर्कऐवजी कॅप्टन पाइक आहे. तो भाग नीट कळायला ‘बॅलन्स ऑफ टेरर’ ताजा असावा लागतो. उलट क्रमानं बघितलंत तर दोन्हींची मजा जाते.

आणि आता ते आपोआप सुरू होण्याचं प्रकरण. या मालिकेतले बरेच भाग पुलावरच्या हलक्याफुलक्या थट्टेवर संपतात. हा संपत नाही. कर्क लग्नाच्या त्या खोलीत परत जातो. अँजेला एकटी आहे. याला काही कारण होतं एवढं त्याला तिला सांगायचं असतं, पण त्याचेच शब्द अडखळतात. मी ठीक आहे, ती म्हणते. तो बाहेर येतो आणि बोळातून चालत जातो. कुणी बोलत नाही.

यानंतर प्रक्षेपणाच्या क्रमानं येतो ‘शोअर लीव्ह’, २९ डिसेंबर १९६६ चा भाग. तो चित्रित झाला बराच नंतर, पण दाखवला गेला लगेच. एका रम्य ग्रहावर जहाजावरच्या लोकांची सुट्टी, पांढरा बोलका ससा वगैरे. आणि त्या सुट्टीवर रॉड्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्याबरोबर हसत-खेळत फिरणारी मुलगी असते, तिला तो अँजेला म्हणतो. तीच नटी, बार्बरा बाल्डाव्हिन. माझ्याकडे पुढचा भाग आपोआप सुरू झाला तेव्हा कर्क बोळाच्या वळणापाशी पोहोचून दहा-पंधरा सेकंदसुद्धा झाले नसतील.